नेणाऱ्याची सही

६ जानेवारी

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी सरकारी लखोटा आला. निवृत्त माणसाला कोण कशाला पत्र पाठवतंय, म्हणून आधी वाटलं चुकून टाकला असेल. पण नाव माझंच होतं, पदासकट: माजी मुख्य कारकून, पाणीपुरवठा कार्यालय. सरकार मानसिक आरोग्याचं नवं धोरण आखतंय आणि ते म्हणे रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारून आखायचं ठरलंय. त्यासाठी समिती नेमली आहे. तिच्यावर कुटुंबीयांचा प्रतिनिधी म्हणून मी.

धाकटा भाऊ ज्या मनोरुग्णालयात आहे, तिथल्या अधीक्षकांना लगेच फोन लावला. म्हटलं, माझंच नाव कसं सुचलं? ते म्हणाले, "अहो, अकरा वर्षांत तुमची एकही तक्रार नाही. बाकीचे नातेवाईक आठवड्याला येऊन डोकं खातात. पंखा का चालत नाही, गोळी का बदलली, घरी कधी सोडणार. तुमच्यासारखा समजूतदार माणूस शोधून सापडायचा नाही."

हे शब्द इथे जसेच्या तसे उतरवून ठेवतो. माणसाची पारख असलेले अधिकारी अजून आहेत.

७ जानेवारी

ही म्हणाली, "तुम्ही घरच्यांच्या वतीने काय बोलणार? वर्षातून एकदा तर जाता."

म्हटलं, एकदा जातो, पण व्यवस्थित जातो. फळं नेतो. वेळेआधी निघत नाही.

"मला एकदा न्या म्हटलं तर नेत नाही," ही म्हणाली आणि भांडी जरा जोरातच लावायला लागली. तिला मी पूर्वीच सांगून ठेवलंय की त्या वॉर्डात बायकांना सोडत नाहीत आणि डॉक्टर त्याला अजून घरी पाठवत नाहीत. दुसरी गोष्ट तर अगदी खरी आहे. त्या रुग्णालयातून जायचं तर फॉर्मवर खाली एक रकाना आहे, 'नेणाऱ्याची सही'. ती नसेल तर फाटक उघडत नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलं की हा बरा झालाय, घेऊन जा. मी नाही म्हटलेलं नाही, कधीच नाही. दर सहा महिन्यांनी मुदत मागतो, एवढंच. आजवर आठ पत्रं गेली. नववं या महिन्यात द्यायचं आहे, पण अधीक्षक म्हणाले, "आता कशाला? तुम्ही आमच्यातलेच झालात."

२० जानेवारी

पहिली बैठक. गोल टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर पेन्सिल आणि कोरी वही. अध्यक्ष हे कुठल्या तरी खात्याचे माजी सचिव. प्रास्ताविकात त्यांनी 'सहभाग' हा शब्द सव्वीस वेळा उच्चारला, मी वहीत काड्या मारत होतो. मग त्यांना डुलकी लागली.

रुग्णांच्या प्रतिनिधी म्हणून एक बाई आल्या आहेत. पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या. नऊ वर्षं रुग्णालयात काढली, आता बऱ्या आहेत, पण न्यायला कोणी आलं नाही म्हणून तिथेच राहतात आणि धुलाईघरात काम करतात. बैठकीला परिचारिकेबरोबर येतात आणि परिचारिकेबरोबरच परत जातात. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुम्हाला इथे घाबरायला नाही ना होत?" त्या म्हणाल्या, "गर्दीच्या वेळी चालत्या गाडीत पुरुषांकडून सुटे पैसे काढलेत. तुम्ही तर सगळे बसलेले आहात."

मला बाई जरा फटकळ वाटल्या. रुग्णाच्या तोंडी हे शोभत नाही.

मसुदा करायला कोण घेईल, असं अध्यक्षांनी जागे झाल्यावर विचारलं. मी नको नको म्हणेपर्यंत माझं नाव ठरूनही गेलं. खरं तर मी दोनदाच नको म्हटलं.

३ फेब्रुवारी

दुसरी बैठक. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. प्रत्येकाने आपल्या मनातली एक सुधारणा लिहायची. अधीक्षकांनी लिहिलं, 'बागेत बाकडी'. अध्यक्षांनी 'सहभाग'. मी 'कुटुंबीयांसाठी स्वतंत्र प्रतीक्षागृह व वर्तमानपत्र'.

कंडक्टरबाईंनी लिहिलं, 'नेणाऱ्याची सही काढा. जो बरा झाला त्याने स्वतः सही करावी आणि जावं.'

अधीक्षक हसून म्हणाले, "बाई, पण जायचं कुठे?"

"कुठे जायचं ते ज्याचं त्याने बघावं. तिकीट काढलेल्या माणसाला उतरायचं असलं तर मी घंटी मारायचे. तुमच्या घरचं कोणी स्टॉपवर आलंय का, असं नव्हते विचारत."

मी उठलो. म्हटलं, घरच्यांना डावलून कसलं धोरण होणार? आम्ही आमच्या माणसाला विसरलेलो नाही. आमच्याही अडचणी असतात, त्या कोणी ऐकून घेणार की नाही? माझा आवाज शेवटी शेवटी भरून आला. अध्यक्षांनी टेबलावर हलकेच टाळ्या वाजवल्या. कंडक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं कोण आहे आत?" मी सांगितलं, धाकटा भाऊ. "किती वर्षं बरा आहे?" मी म्हटलं, विषयाला धरून बोलू या.

५ फेब्रुवारी

परवापासून त्या बाईचा प्रश्न डोक्यातून जाईना. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. आमचा धाकटा आजारी पडला तेव्हा एकदा माझ्या कार्यालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता, अनवाणी. साहेबांच्या गाडीपुढे हात पसरून सांगत होता की नळातून कोणीतरी बोलतंय आणि पाणीपुरवठ्याने ते ताबडतोब बंद करावं. सगळं कार्यालय खिडक्यांना लोंबकळलं होतं. मी दुसऱ्या मजल्यावर फायलीत डोकं घालून बसून राहिलो. शिपाई म्हणाला, "साहेब, तुमचे बंधू आहेत." मी म्हटलं, आडनाव सारखं असेल.

तो बरा झालाय हे मला कळतं. पण रस्त्यातून माझ्याबरोबर चालेल तेव्हा लोक बघतील. आता शेजारी मला 'समितीवाले काका' म्हणतात. अजून थोडे दिवस तसंच राहू दे, असं वाटतं. यात काही गैर आहे का?

शिवाय त्याच्या खोलीत माझं लिहिण्याचं टेबल छान बसलंय.

१७ फेब्रुवारी

आज बैठकीत मी पेच सोडवला. कंडक्टरबाई हेका सोडेनात, अधीक्षकांना निर्णय नको होता. मी म्हटलं, नातेवाइकांनी मुदत मागणारी पत्रं रुग्णालयाच्या दप्तरात आहेत. त्यांतली निवडक पत्रं नावं झाकून जाहीर सुनावणीत वाचा. म्हणजे सहीचा रकाना का हवा, ते लोकांना कळेल.

अध्यक्षांना कल्पना फार आवडली. अधीक्षकांनी विचारलं, "शेकड्यांनी पत्रं आहेत. निवडायची कशी?" मी म्हटलं, मसुदा चांगला असेल ती निवडा. अडाण्यासारखी लिहिलेली पत्रं वाचून आपलीच बाजू लंगडी पडायची.

माझं एखादं तरी निवडतील, अशी मला खात्री आहे. पाचव्यावर मी तीन दिवस घालवले होते.

२८ फेब्रुवारी

सुनावणी रुग्णालयाच्याच सभागृहात आहे. प्रत्येक प्रतिनिधीने घरातली एक स्त्री आणावी, असं अधीक्षकांचं म्हणणं पडलं, छायाचित्रात कुटुंब दिसायला हवं. मी हात झटकत होतो, पण फोन हिनेच उचलला आणि येते म्हणून सांगून टाकलं. "बायकांना सोडत नाहीत ना तिथे?" मला विचारते. म्हटलं, सभागृहापर्यंत सोडतात.

अधीक्षकांकडून खात्री करून घेतली. सुनावणीला पाचच रुग्ण येणार आहेत आणि धाकट्याचं नाव त्यांत नाही.

२ मार्च

आज अक्षर वाईट येतंय.

सभागृह भरलं होतं. आम्ही पहिल्या रांगेत. हिने ठेवणीतली साडी नेसली होती. चहा-बिस्किटं झाली आणि अधीक्षक माइकवर आले. "सहभाग नुसता कागदावर नको. आमच्या दप्तरखान्यातलं आवक-जावक गेली चार वर्षं आमचाच एक रुग्ण सांभाळतो. आजची पत्रं तोच वाचून दाखवेल."

आणि धाकटा आत आला. चष्मा, धुतलेला शर्ट, हातात गठ्ठा. मी हातातला कप खुर्चीखाली ठेवला. वर्षातून एकदा भेटायला जातो तेव्हा तो सांगायचा, की मी ऑफिसात मदत करतो. मी समजायचो, झाडून काढत असेल.

ही उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवली. त्याने आमच्याकडे पाहिलं की नाही, कळलं नाही. माइक स्वतःच्या उंचीला करून घेतला आणि वाचायला लागला.

पहिल्या पत्रात लिहिणाऱ्याची पत्नी हृदयविकाराने अंथरुणाला खिळली होती. दुसऱ्यात तिच्या मणक्याचं ऑपरेशन होतं. तिसऱ्यात तिची नजर अधू झाली होती आणि घरात अनोळखी माणसाची चाहूल लागली तरी ती घाबरायची. ही आधी हळहळली. माझ्या कानाशी म्हणाली, "बिचारी. एकेकीच्या नशिबी काय काय असतं." तिसऱ्याच्या शेवटी धाकट्याने सरळ आवाजात वाचलं, "सबब, सहा महिन्यांची मुदत मिळावी, ही नम्र विनंती."

ही बिस्किट चावायची थांबली. दूधवाल्याच्या चिठ्ठीतसुद्धा मी 'सबब, उद्या दूध नको' असं लिहितो, चाळीस वर्षं ती ते वाचतेय. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे बघत बसलो.

पाचवं वाचून झालं तेव्हा अध्यक्ष रुमालाने डोळे टिपत होते. त्या पत्रात पत्नी शेवटचे दिवस मोजत होती आणि तिने नवऱ्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, की माझ्या डोळ्यांदेखत भावजींना आणू नका, मला ते सोसणार नाही. धाकटा कागदावरून नजर न काढता म्हणाला, "हे सगळ्यांत चांगलं लिहिलंय."

खरं सांगतो, त्याही परिस्थितीत मला क्षणभर बरं वाटलं.

आठ पत्रं झाली. आठही माझी. मागून कंडक्टरबाईंचा आवाज आला, "ही सगळी एकाच माणसाची दिसतात." अधीक्षक गडबडून म्हणाले, निवड फक्त मसुद्यावरून केली होती.

मग ही उभी राहिली. अख्ख्या सभागृहासमोर, माइकबिइक काही नाही. "भावजी, त्या बाईला आता कसं आहे?"

धाकट्याने चष्मा काढला. म्हणाला, "वहिनी? जानेवारीत पत्र आलं नाही. मला वाटलं, तुम्ही गेलात."

"मी सकाळी कपाट सरकवून मागची जळमटं काढून आलेय," ही म्हणाली.

"मी दादाला कधी विचारलं नाही, कधी नेतोस म्हणून," तो म्हणाला. "म्हटलं, त्याच्यामागे तुमचं एवढं आजारपण. त्यात आपलं कुठे." एवढं बोलून त्याने पत्रं नीट रचली, दोरा बांधला आणि गठ्ठा अधीक्षकांच्या हातात दिला.

रुग्णाच्या हाती दप्तर सोपवणं गोपनीयतेच्या कोणत्या नियमात बसतं, हे मी लेखी विचारणार आहे.

३ मार्च

ही बोलत नाही. सकाळी गॅसचं सिलिंडर आलं. एरवी माणसाला आत आणून ठेवायला सांगते. आज एकटीने उचललं, माझ्या खुर्चीसमोरून नेलं, आणि थांबून माझ्याकडे बघितलं. मग पुढे गेली.

विचारणा लिहायला बसलो होतो. 'सबब'पर्यंत आलो आणि फाडून टाकली.

५ मार्च

ही सकाळी एकटीच रुग्णालयात जाऊन आली. बायकांना सोडतात.

१२ मार्च

बैठक. रकाना काढायचं एकमताने ठरलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, ते जास्त लागलं. मसुद्याचा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला द्या. कंडक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हीच करा. तुम्हाला जमतो." टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका ओळीचं कलम झालं. बरा झालेला रुग्ण स्वतःच्या सहीने जाऊ शकेल. अध्यक्षांनी त्यात 'सहभागपूर्वक' घाला, असं सुचवलं. बाई म्हणाल्या, "पुढे चला." अध्यक्ष निमूट पुढे गेले. धोरण येईपर्यंत थांबायचं कारण नाही, एक तारखेपासून रुग्णालयात लागू करतो, असं अधीक्षकांनी सांगितलं. त्यांनाही त्या सुनावणीपासून माझं तोंड नको झालंय.

घरी आल्यावर मी हिला म्हटलं, त्याला आणू या. ती म्हणाली, "मला काय सांगता? मी तर शेवटचे दिवस मोजतेय." दहा दिवसांत एवढंच बोलली.

१ एप्रिल

टेबल गच्चीवर काढलं. गादीला ऊन दाखवलं, खोली मी स्वतः पुसली. टॅक्सी करून गेलो. रस्ताभर मनाशी वाक्यं जुळवत होतो.

तो अधीक्षकांच्या खोलीत फॉर्म भरत होता. शेजारी कंडक्टरबाई, त्यांचा आधीच भरून झालेला. मी म्हटलं, चल. टॅक्सी उभी आहे. खोली तयार आहे.

त्याने सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. म्हणाला, "दादा, इथल्या आम्ही चौघांनी मिळून जागा घेतली आहे, दोघं सकाळीच पुढे गेलेत. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. त्या लाँड्रीत बाईंना काम मिळालंय, मला हिशेबाचं."

मी म्हटलं, असं कसं? घर असताना?

"तू नेशील म्हणून मी चार वर्षं थांबलो," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. "आता मला कोणी न्यायला नको आहे."

म्हटलं, निदान टॅक्सीतून सोडतो. तर म्हणाला, बाईंना बसनेच जायचंय, नऊ वर्षांत बसल्या नाहीत.

दोघं फाटकातून बाहेर पडली. पहारेकऱ्याने सवयीने विचारलं, "नेणारा कोण?" बाईंनी बोट धाकट्याकडे केलं आणि धाकट्याने बाईंकडे. पहारेकरी हसला, त्याने फाटक उघडलं. मी आतल्या बाजूला उभा होतो. मला फार वाईट वाटलं. यापेक्षा चांगला शब्द सुचत नाही.

१९ एप्रिल

धोरणाची पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर माझा फोटो आहे, सुनावणीच्या आधी काढलेला, हसरा. खाली 'कुटुंब: धोरणाचा पाया'. अधीक्षकांचा फोन आला. आता सगळं निवळलंय, वरून आदेश आहे, माझा आदर्श कुटुंबीय म्हणून सत्कार करायचा आहे. फक्त व्यासपीठावर भाऊ शेजारी उभा हवा. "तेवढं तुम्ही बघा. तुमचं ऐकेल तो."

मी नाही म्हणायला हवं होतं. हो म्हटलं. निमंत्रणपत्रिका खिशात घालून दुपारी लाँड्रीवर गेलो. जिना अरुंद, वाफेचा वास. दार उघडंच होतं. ही आत बसली होती, मांडीवर पडद्याचं कापड, तोंडात दोन टाचण्या. आठवड्यातून तीनदा कुठे जाते, हे मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. धाकटा खिडकीचं माप घेत होता.

"काही काम होतं का, दादा?" त्याने विचारलं.

खिशात हात घातला. पत्रिकेचा कोपरा बोटाला लागला. दोघं माझ्याकडे बघत होती, अगदी शांतपणे, मी आता काय काढणार ते माहीत असल्यासारखी. मी हात बाहेर काढला, रिकामाच.

"नाही," म्हटलं. "सहज आलो."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याकडे सहज गेलो होतो, आणि तेही खोटंच. हिने तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. धाकट्याने स्टुलावरची मापपट्टी उचलली.

"मग बस," तो म्हणाला. "पाचला मात्र आम्हाला बाहेर जायचंय."

त्याने चहा केला. चांगला करतो. शिलाई, खिडकी, वरच्या टाकीचं कमी पाणी, असं काहीबाही बोललो. पाण्याचं मला कळतं, म्हणून तोटी सैल करून दाखवली. पावणेपाचला मी उठलो. अजून थोडा बस, असं कोणी म्हटलं नाही.